सुखीबाईंनी मागितलेला फाग

मुकुटबनहून वणीकडे जाताना डांबरी रस्ता सोडून आत गेलं की बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. सुखीबाई फुलसिंग आडे तिथे राहतात. वय पन्नाशीच्या पुढे. नवरा फुलसिंग राजूरच्या एका चुनाभट्टीवर चौकीदार आहे, मुलगा बबलू कोळशाचा टिप्पर चालवतो आणि मुलगी राखी डॉक्टर होता होता मधेच अडकली. सुखीबाई शाळेत गेल्या नाहीत. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, बँकेत गप्प, अशी त्यांची भाषेची वाटणी होती. तांडा त्यांना मानतो तो वेगळ्या कारणासाठी. होळीच्या खेळात बायकांच्या पुढारी त्या असतात.

बंजाऱ्यांची होळी संध्याकाळी पेटत नाही, पहाटे पेटते. ऊन वर आलं की मैदानात खुंट गाडतात आणि पुऱ्या-गुळाने भरलेलं भांडं त्याला दोरखंडाने बांधतात. भोवती बायका ओल्या काठ्या घेऊन उभ्या राहतात, त्या गेरणी. पुरुषांनी रिंगणात शिरून भांडं पळवायचं. काठी खोटी नसते. वळ उठतात आणि पुरुष ते पुढचे काही दिवस अभिमानाने दाखवतात. रिंगणात शिरला तो त्या वेळेपुरता कोणाचा सासरा नाही, कोणाचा दीर नाही. भांडं नेता आलं नाही तर गेरणी मागतील तो फाग द्यायचा. बहुतेकदा पैसे मागतात, कधी साडी, कधी नुसतं एक गाणं म्हणायला लावतात. फाग दिल्याशिवाय तांड्याच्या नाईकालाही बाहेर सोडत नाहीत.

ही रीत बबनरावांना अर्धीच माहीत होती.

बबनराव शेजारच्या गावचे माजी सरपंच. त्यांचे टिप्पर कोळसा वाहतात, त्यातल्याच एकावर बबलू होता. लोकसभा आणि विधानसभा एकाच सालात आल्या होत्या आणि बबनराव ज्यांचे कार्यकर्ते होते ते साहेब विधानसभेच्या तिकिटासाठी इच्छुक होते. इच्छुकाला सांगण्यासारखं एखादं काम लागतं. साहेबांकडे पूल नव्हता, पाणीयोजना नव्हती. राखी होती.

राखी युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. सोबत वणीची फिजा होती. फिजाचे वडील रहमत मिस्त्री आपल्या गॅरेजमध्ये टिप्परच्या स्प्रिंगच्या कमानी बसवतात. दोघींनी एकाच बँकेतून शैक्षणिक कर्ज काढलेलं, एकाच विमानाने गेलेल्या, एकाच खोलीत राहिलेल्या. युद्ध सुरू झालं तेव्हा तळघरातही एकत्र होत्या. पोलंडच्या सीमेकडे शेवटचा टप्पा पायी होता. गर्दीत राखीचा चष्मा पडून फुटला. तिचा नंबर मोठा. चष्म्याशिवाय तिला चार हातांवरचा माणूस ओळखू येत नाही. फिजाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सीमेपलीकडे जाईपर्यंत काढला नाही. पुढे सरकारी विमान मिळालं. नागपूरच्या विमानतळावर साहेब पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. तिथे काढलेल्या फोटोत राखी डोळे बारीक करून बघते आहे आणि फिजाचा हात सवयीने अजून तिच्या खांद्यावर आहे.

त्याला दोन वर्षं झाली. उरलेलं शिक्षण जॉर्जियातल्या एका विद्यापीठात पूर्ण करायची सोय झाली होती. अडलं होतं बँकेत. कर्ज मंजूर झालं ते युक्रेनच्या कॉलेजसाठी. कॉलेज बदललं म्हणून उरलेली रक्कम थांबली, व्याज मात्र थांबलं नाही. राखी वणीच्या एका खाजगी दवाखान्यात काउंटरवर बसून केसपेपर काढून देत होती. फिजा मुलांच्या शिकवण्या घेत होती.

होळीच्या आठवडाभर आधी बबनराव आडेंच्या अंगणात येऊन बसले. सोबत मिठाई होती आणि एक घडी घातलेला कागद.

"राखीताई, तीनच वाक्यं हायेत," ते म्हणाले. "धुळवडीले सायेब तांड्यात येऊन राह्यले. खेळ झाला का माईक तुमच्या हाती. पाठ करा लागत नाई, पाहून म्हना. सायेब तितूनच बँकेच्या मोठ्या सायबाले फोन लावतीन. स्पीकरवर, साऱ्यांसमोर."

"अन् बँकवाल्यानं उचललाच नाई त?" सुखीबाईंनी विचारलं.

"सायबाचा फोन कोन नाई उचलत, सुखीबाई?"

"आमचा फोन दोन सालापासून सायबानंच उचलला नाई, म्हनून पुसलं."

फुलसिंग खाली बघून हसले. बबनरावही हसले, कारण बबलू त्यांच्याच गाडीवर होता आणि घर आपलंच आहे अशी त्यांची समजूत होती.

राखीने कागद वाचला. तिसरं वाक्य असं होतं: साहेब नसते तर मी आज जिवंत नसते.

बबनराव गेल्यावर माय-लेकींचं बोलणं लांबलं नाही.

"बोलशील?"

"बोलीन. तीन वाक्यानं काय होते, याडी? रोज दवाखान्यात तीनशे वेळा 'बसा, नंबर लागला का बोलावतो' म्हनतो, थे तरी कुठं खरं असते?"

याडी म्हणजे आई. सुखीबाईंनी विषय तिथेच सोडला. बोलणं राखीचं होतं, वर्षं राखीची गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्या मीठ-तेल आणायला फाट्यावर गेल्या. बबनरावांच्या दुकानाच्या भिंतीवर नवा फलक होता. रस्त्यावरच्या खांबांचे फलक आचारसंहितेत उतरले होते, पण भिंत खाजगी आणि मजकूर होळीच्या शुभेच्छांचा. एका बाजूला हात जोडलेले साहेब. दुसऱ्या बाजूला विमानतळावरची राखी. वर मोठ्या अक्षरात: युद्धाच्या आगीतून आपली लेक घरी. दुकानाच्या ओट्यावर नेहमीची मंडळी बसली होती. एक जण सांगत होता की तिकडच्या लढाईमुळे खत महागलं, त्यात सरकार काय करणार. दुसरा म्हणत होता, लढाई असून पोरी आणल्या की नाही? दोघे एकाच पक्षाचे होते. लढाईने महाग केलं ते परक्यांचं आणि लढाईतून आलं ते साहेबांचं, असा हिशेब ओट्यावर रोज मांडला जाई आणि कोणाला तो खटकत नसे.

सुखीबाई फलकापुढे उभ्या राहिल्या. विमानतळावर त्या स्वतः होत्या, त्यामुळे फोटो त्यांना माहीत होता. फलकावर राखी एकटी होती. मागे निळं आकाश चिकटवलेलं. पण खांद्यावर हात होता. फिजाला कापणाऱ्याला हात कापता आला नव्हता, कारण हात कापला तर राखीचा खांदाही जात होता. मनगटापाशी आकाश सुरू होत होतं.

संध्याकाळी त्यांनी राखीला विचारलं, "थो फलक पाह्यला?"

"पाह्यला."

"हात दिसला?"

"दिसला." राखी भाकरी मोडत होती. "फिजालेही फोटो पाठवला. थे म्हने, बोल दे ना यार. फोटो में नहीं हूँ तो क्या हुआ, दो में से एक तो डॉक्टर बने."

"अन् तू काय म्हनतलं?"

"काय म्हनू? मले डॉक्टर व्हायचं हाय, याडी."

सुखीबाईंनी तिला बोलू नकोस असं एकदाही सांगितलं नाही. हे त्यांनी नंतर बबलूलाही शपथेवर सांगितलं, आणि ते खरं आहे.

बबनरावांची चूक अशी झाली. त्यांनी कुठल्यातरी पुढाऱ्याचा तांड्यातल्या होळीचा व्हिडिओ पाहिला होता. पुढारी भांडं डोक्यावर घेऊन नाचतो, बायका हसतात. तसं दृश्य साहेबांचं हवं म्हणून त्यांनी धावजी नाईकांची परवानगी काढली, तांड्यातल्या पोरांना दोरखंड सैल बांधायला सांगितलं, साहेबांच्या दोन्ही बाजूंना कोण धावेल तेही ठरवलं. गेरणींना मात्र कोणी विचारलं नाही. नाईकाशी बोललं म्हणजे तांड्याशी बोललं, असं बबनराव धरून चालले होते. मतांच्या बाबतीत ते बहुधा खरंही असे. होळीच्या बाबतीत नाही.

साहेब आले तेव्हा डफ तापले होते. पांढरा कुर्ता, गळ्यात गमछा, मागे प्रचाराची गाडी आणि वर भुणभुणणारा ड्रोन. गाडीच्या अंगावर तोच फोटो, तेच आकाश. बबनरावांनी कानात काहीतरी सांगितलं आणि साहेब हसत रिंगणात शिरले, मागोमाग बबनराव.

भांडं त्यांच्या हातात येण्याआधी सुखीबाईंची काठी त्यांच्या पोटरीवर बसली. दुसऱ्या बाईची बबनरावांच्या पाठीवर. साहेबांचे कार्यकर्ते पुढे धावले तसं बायकांनी रिंगण आवळलं. आत साहेब आणि बबनराव, बाहेर बाकी सगळे.

"नाईक, अहो सांगा ना तुमच्या बायकांले!" बबनराव ओरडले.

धावजी नाईक खाटेवर बसले होते. ते उठले नाहीत. "रिंगनात गेले थे गेले, बबनराव. इथं माहं चालत नाई. मलेच मागच्या साली लुगडं द्या लागलं."

साहेब खिलाडू होते, निदान कॅमेऱ्यापुढे. त्यांनी हात जोडले. "हरलो, ताई. मागा फाग." आणि खिशातून पाचशेच्या नोटा काढल्या.

"पैसे ठेवा, सायेब," सुखीबाई म्हणाल्या. "मले एक गोष्ट सांगा, मंग जा." त्यांनी काठी गाडीकडे वळवली. "थ्या गाडीवर माही पोरगी हाय. तिच्या खांद्यावर हात हाय. कोनाचा हाय थो?"

डफ थांबले. साहेबांनी गाडीकडे पाहिलं, मग बबनरावांकडे.

"थो... थो आशीर्वादाचा हात हाय, सुखीबाई," बबनराव म्हणाले.

मागून गेरणींतल्या लालीबाईंचा आवाज आला, "मंग आशीर्वादाले नेलपॉलिश काहून हाय, भाऊ?"

हसण्याचा लोट उठला. फोटोतल्या नखांवर खरोखरच अर्धवट उडालेला लाल रंग होता. ड्रोनवाला पोरगाही हसला. साहेबांचा चेहरा मात्र आक्रसला. "बबन, कोण आहे ही मुलगी?" त्यांनी हळू विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, की त्या क्षणी माहीत नसणं बरं होतं, हे सांगता येत नाही.

"थे दुसरी एक होती, सायेब. जागा पुरली नाई डिझाइनवाल्याले."

"आकाशाले पुरली," सुखीबाई म्हणाल्या. "नाव सांगा. नाव सांगतलं का मोकळे."

बबनरावांना नाव माहीत होतं. त्यांचे टिप्पर तिच्या बापाच्याच गॅरेजमध्ये जात. ते न घेता ते पाठीवरचा वळ चोळू लागले.

राखी माईकपाशी उभी होती, हातात घडीचा कागद. इतका वेळ ती मैदानाकडे बघतही नव्हती. तिने माईक उचलला.

"फिजा," ती म्हणाली. "वणीच्या रहमत मिस्त्रीची फिजा. माहा चष्मा फुटला होता, मले दिसत नव्हतं. तिनं मले खांद्याले धरून बॉर्डर पार करवली. विमान सरकारचं होतं, त्याचे उपकार हायेत. सायेब फुलं घेऊन आलते, फुलं चांगली होती." ती थांबली. कागद तिने बबनरावांच्या दिशेने धरला. "हे माहे बोल झाले. तुमचे तीन मी बोलत नाई."

बँकेला लागायचा फोन तिथेच संपला, हे मैदानातल्या प्रत्येकाला कळलं. सुखीबाईंनाही. फुलसिंग यांनी कपाळाचा घाम पुसला.

सुखीबाईंनी काठी खाली केली नाही. "नाव तुमाले सांगता आलं नाई, सायेब. म्हनून फाग. माही पोरगी गाडीवरून काढा, अन् भिंतीवरून. बस."

तांड्यातल्या सगळ्या पोरांचे मोबाइल वर होते. साहेबांनी मान हलवली. ड्रायव्हर नखांनी स्टिकर खरवडू लागला. ते चांगल्या प्रतीचं होतं, पूर्ण निघालं नाही. साहेबांच्या शेजारी एक ओबडधोबड पांढरा पट्टा राहिला आणि गाडी तशीच वणीला गेली. फलक अंधार पडायच्या आत उतरला.

त्यानंतर जे झालं ते होळीइतकं रंगीत नाही.

बबलूला कळवण्यात आलं की त्याचा टिप्पर दुरुस्तीला टाकला आहे. दुसऱ्या दिवशी तोच टिप्पर दुसरा ड्रायव्हर घेऊन तांड्यासमोरून गेला.

"लय हौस होती ना तुले काठीची?" बबलूने आईला विचारलं.

"होती."

"मंग आता मले गाडी कोन देते?"

"देईन कोनी. तू चालवतं चांगली."

"थे कायले कोनी पाह्यते? सारे बबनरावाचं तोंड पाह्यते."

बबलू चंद्रपूरच्या बाजूला कामाला लागला. आठवड्यातून एकदा घरी येतो, आईशी कामापुरतं बोलतो.

व्हिडिओ फिरला तसे विरोधी बाजूचे इच्छुकही तांड्यात आले. त्यांच्याकडे नवा फलक छापायची योजना होती: दोन्ही पोरी, हातासकट, आणि खाली एकोप्याचा संदेश. सुखीबाईंनी त्यांना पाणी दिलं. "उद्या बँकेत जाऊन राह्यलो आमी," त्या म्हणाल्या. "चाला सोबत. फोन नको, तुमीच चाला. तिथं बसा आमच्यासंगं." इच्छुकांनी उद्या दौरा असल्याचं सांगितलं. फलक छापला गेला नाही.

त्याच दिवशी रहमत मिस्त्री आले ते रागावून.

"बाई, हमारा नाम काहे को लिया माइक पे?" त्यांनी अंगणातूनच विचारलं. "बबनराव के चार टिप्पर आते थे मेरे पास. अब दो आते हैं. पाच साल में एक बार बोलते तुम लोग, भुगतते हम."

"नाव मी नाई घेतलं, रहमतभाई. राखीनं घेतलं."

"एकच बात है."

"एकच हाय," सुखीबाईंनी कबूल केलं. "बसा. चहा घ्या. उद्या बँकेत चाला."

रहमत मिस्त्री बसले. फिजाने घरी काय सांगितलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते गॅरेज बंद ठेवून बँकेच्या पायरीवर सगळ्यांच्या आधी उभे होते.

वणीतल्या त्या शाखेचे मॅनेजर वाईट माणूस नव्हते. निवडणुकीच्या सालात त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण कोणाचातरी फोन घेऊन येत असे. त्यांनी आधी तेच विचारलं.

"कोणाचा फोन येणार आहे का?"

"नाई," सुखीबाई म्हणाल्या.

मॅनेजरांनी खुर्ची पुढे ओढली आणि प्रकरण समजावून सांगितलं. कॉलेज बदलल्यावर नवा प्रस्ताव वर पाठवता येईल. पण आई-वडील आधीच कर्जात सही करून बसले आहेत, त्यामुळे तिसरा जामीनदार लागेल, ज्याच्या नावावर काहीतरी आहे असा. दोघींनाही.

हे दोन्ही घरांना आधीच ठाऊक होतं. आडेंच्या भावकीत सगळ्यांना विचारून झालं होतं. युद्धात शिकायला गेलेल्या पोरीला कोण जामीन राहणार, असं एकाने स्पष्टच म्हटलं होतं. बाकीच्यांनी पेरणीचं कारण दिलं. रहमत मिस्त्रींच्या मेहुण्याने फोन उचलणं सोडलं होतं.

"फिजासाठी हे राहतीन," सुखीबाईंनी फुलसिंगकडे बोट केलं. "घर यांच्या नावावर हाय."

फुलसिंग दचकले नाहीत, म्हणजे बोलणं घरी झालेलं असावं. मग सुखीबाई रहमत मिस्त्रींकडे वळल्या. ते बोलणं झालेलं नव्हतं. काळं वंगण मुरलेली बोटं मिस्त्रींनी गुडघ्यावर पुसली.

"गॅरेज की जागा मेरे नाम पे है," ते मॅनेजरांना म्हणाले. "राखी के लिए लिखो."

"तुम्ही नातेवाईक आहात एकमेकांचे?"

"नाई."

"मग जरा समजून घ्या," मॅनेजर म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला होता. "तुम्ही दोघेही स्वतः कर्जात आहात. असा उलटसुलट जामीन वर चालेल की नाही हे मला विचारावं लागेल. आणि चालला, तरी उद्या एकीने हप्ते भरले नाहीत तर दुसरीच्या बापाचं घर जाईल. कळतंय ना काय करताय?"

"कळते," सुखीबाई म्हणाल्या. "न कळनारे पाह्यले आमी. तुमी विचारा वर. तोवर आमी इथं बसतो."

"आज उत्तर येणार नाही, बाई."

"मंग उद्याही येतो."

त्या उद्या आल्या, परवाही आल्या, सोबत कधी लालीबाई, कधी फिजाची आई मेहनाज. बाकाचा एक कोपरा त्यांचाच झाला. शिपाई त्यांना न विचारता पाणी देऊ लागला. पहिला नकार वरून आला तेव्हा मॅनेजरांनी तो वाचून दाखवला आणि ते म्हणाले, आता काही होणार नाही. सुखीबाईंनी प्रस्ताव पुन्हा पाठवा म्हणून सांगितलं. मॅनेजरांनी तो पुन्हा पाठवला, बहुधा बाक रिकामा व्हावा म्हणून.

पावसाळ्यात दोन्ही प्रस्ताव मंजूर झाले, मागितल्यापेक्षा कमी रकमेचे. उरलेल्यासाठी फुलसिंग भट्टीवर दोन पाळ्या करू लागले आणि रहमत मिस्त्रींनी नवं वेल्डिंग मशीन विकून जुनं वापरायला काढलं. साहेबांना तिकीट मिळालं नाही. त्याचा होळीशी काही संबंध नव्हता, असं त्यांच्या पक्षातले लोक सांगतात. विधानसभेचं मतदान झालं त्या दिवशी राखी आणि फिजा जॉर्जियात होत्या.

जामिनाच्या सह्या झाल्या त्या दुपारी मॅनेजरांनी नियमाप्रमाणे प्रत्येकाला एकट्याला आत बोलावून शेवटचं विचारलं होतं, सही कोणाच्या दबावाखाली करत नाही ना. फुलसिंग नाही म्हणाले. मिस्त्री नाही म्हणाले. सुखीबाईंची सही लागत नव्हती, तरी त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला विचारायचं नाही, बाई," मॅनेजर म्हणाले.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "पन मी सांगून राह्यली. दबाव माहा हाय. लिहून घ्या."

मॅनेजरांनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितलं.